कारणाचा रकाना

लष्करी तळावर मिस ऑर्डेलिया ग्रीनिजना न घाबरणारा माणूस भेटला, की समजायचं तो याच आठवड्याच्या विमानाने उतरलाय. मी सिरिलो ब्लॅकेट, तळावरच्या चित्रपटगृहाचा ऑपरेटर. सव्वीस वर्षं मी त्यांना घाबरलो आणि त्याची मला लाज वाटत नाही. दर मंगळवारी पुढच्या आठवड्याच्या सिनेमांची यादी घेऊन मी त्यांच्या दारात उभा राहायचो. बाई चष्म्यावरून बघायच्या आणि म्हणायच्या, "ब्लॅकेट, ही यादी आहे की कागदावरून कोंबडी फिरवून आणलीस?"

बाईंचं काम म्हणजे आठवड्याचं पत्रक. एकच पान, त्यात तळाचा सगळा आठवडा. डावीकडे टेलिव्हिजन: कुठल्या वारी, किती वाजता, काय. उजवीकडे बाकीची करमणूक: बिंगो, बोलिंग, मातीकामाचा वर्ग, मासेमारीची होडी, माझे सिनेमे. सगळ्यात खाली भरती-ओहोटीच्या वेळा. घरापासून हजारो मैलांवर पनामात येऊन पडलेली ती अमेरिकन माणसं या पानाच्या आधाराने जगायची. पोहायला जाताना ती आभाळाकडे बघत नसत, पत्रकाकडे बघत. तुम्हाला ही थट्टा वाटेल, पण पुढचं सगळं याच खोडीमुळे झालं.

टेलिव्हिजनच्या फिती तेव्हा करड्या पिशव्यांतून विमानाने यायच्या, पंधरा-पंधरा दिवस शिळ्या. नाताळचे कार्यक्रम जानेवारीत लागायचे आणि कोणाला काही वाटत नसे. शहरात आमच्या रिओ अबाहो वस्तीत प्रत्येक पत्र्यावर तळाचं टेलिव्हिजन पकडायला एरियल ठोकलेली असायची, त्यामुळे बाईंचा तिथला मान पाद्रीबाबांपेक्षा दोन बोटं जास्तच होता. रविवारी चर्च सुटलं की बायका त्यांना पायरीवरच गाठायच्या.

"सिस्टर ग्रीनिज, त्या मालिकेतली डॉक्टरीण वाचते की जाते, एवढंच सांगा!"

बाई छत्री उघडत म्हणायच्या, "जायला तिला अजून दोन गुरुवार आहेत. तोवर स्वतःच्या नवऱ्याकडे बघ, तो आत्ताच कुठेतरी चाललाय."

पत्रकाचा एक नियम होता आणि तो म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. पांढरी चिठ्ठी आल्याशिवाय एकही ओळ पत्रकात चढणार नाही. निळी चिठ्ठी आल्याशिवाय एकही ओळ उतरणार नाही. आणि ज्या हाताने पांढरी दिली, निळीवर सही त्याच हाताची हवी. निळ्या चिठ्ठीवर खाली एक रकाना होता, 'कारण'. तो कोरा असला तर बाई चिठ्ठी परत पाठवायच्या, मग ती कर्नलची का असेना. दर आठवड्याला त्या मागचं पत्रक समोर घ्यायच्या, चिठ्ठ्यांप्रमाणे लाल पेन्सिलने दुरुस्त करायच्या आणि टाइपरायटरवर सायक्लोस्टाइलचं नवं स्टेन्सिल कापायच्या. चिठ्ठीवाचून बदलणारी गोष्ट एकच, भरती-ओहोटी. समुद्र काही चिठ्ठी देत नाही. त्या वेळा बाई बंदराच्या छापील वहीतून स्वतः उतरवून घ्यायच्या.

सार्जंट लाइल हॅसब्रुक टेलिव्हिजन केंद्रात होता. दोन कार्यक्रमांच्या मध्ये पत्रकातल्या गोष्टी वाचून दाखवायचा तो आवाज त्याचा. काय आवाज होता! जाड, सावकाश, उन्हात ठेवलेल्या मधासारखा. बुधवारी तो बाईंच्या खोलीत येऊन, त्यांच्या टेबलाला टेकून पत्रक वाचायचा आणि ते ध्वनिमुद्रित व्हायचं. तीच फीत पुढे आठवडाभर चालायची. शनिवारी हाच माणूस हौशी लोकांना ला व्हिउदावर शिंपले वेचायला न्यायचा. ला व्हिउदा म्हणजे विधवा, किनाऱ्यासमोरचं खडकाळ बेट. ओहोटीला वाळूची एक पट्टी उघडी पडते आणि बेटापर्यंत पायी जाता येतं. भरतीला तिथे दोन पुरुष पाणी असतं. फेरीच्या आधी हॅसब्रुक एकटाच जाऊन पट्टीच्या दोन्ही कडांना लाल चिंध्या बांधलेल्या काठ्या रोवून यायचा.

बाईंचं आणि त्याचं चांगलं जमायचं. म्हणजे बाई त्याला इतरांपेक्षा जास्त बोलायच्या.

"मिस ओ, या आठवड्यात मातीकामाचा वर्ग नाही. ही घ्या निळी चिठ्ठी."

"आणि कारण?"

"मातीच नाही."

"मग तसं लिहा की! हात मोडलाय तुमचा? तोंडाने वाऱ्यावर सोडलेलं कारण मी फायलीत लावू?"

तो हसायचा आणि पुढच्या वेळी पुन्हा रकाना कोराच ठेवायचा. नाताळात बाईंच्या घरी सारिलच्या फुलांचं लाल सरबत प्यायला येणारा तळावरचा तो एकमेव अमेरिकन. बाईंच्या अंथरुणाला खिळलेल्या आईशी तासभर गप्पा मारायचा. म्हातारीला तो कोण ते कळत नसे, पण आवाज ऐकून ती झोपी जायची.

आता एकाहत्तर सालच्या ऑक्टोबरचं सांगतो. मला स्वतःला हे पुष्कळ उशिरा कळलं, तुम्हाला आधीच सांगून टाकतो. त्या आठवड्यात विमान दोनदा चुकलं, फिती आल्या नाहीत, टेलिव्हिजनची अख्खी बाजू बाईंना तीनदा बदलावी लागली. त्यात घरी म्हातारीची तब्येत खालावलेली. लाल पेन्सिल पानाच्या शेवटपर्यंत पोचलीच नाही. सगळ्यात खालच्या ओळीत मागच्या आठवड्याच्या वेळा तशाच राहिल्या: शनिवारी ओहोटी सकाळी नऊ दहा.

समुद्राकाठच्या माणसाला सांगायला नको, आठवड्याभरात पाणी बरोबर उलटं होतं. मागच्या शनिवारी नऊला जिथे ओहोटी होती, तिथे या शनिवारी नऊला भरती.

बुधवारी हॅसब्रुकने ती ओळ वाचली. "शनिवारी शिंपल्यांची फेरी. ओहोटी नऊ दहाला, जमायचं साडेसहाला. भिजले तरी चालतील असे बूट घाला." शनिवारी पाऊस होता म्हणून दुसरं कोणी आलं नाही. तो एकटाच काठ्या रोवायला गेला. पट्टीवर घोटाभर पाणी असेल. त्याला वाटलं उतरतंय, पत्रकात तसंच होतं. ते चढत होतं.

काठ्या सापडल्या, टोपी सापडली. माणूस नाही सापडला.

आणि त्यानंतरचे सहा दिवस त्याचा आवाज टेलिव्हिजनवर चालू होता. फीत बदलायचं कोणाला सुचलंच नाही. दर दोन तासांनी तो मधाळ आवाज सांगायचा, ओहोटी नऊ दहाला, भिजले तरी चालतील असे बूट घाला. रिओ अबाहोत बायका उठून आवाज बंद करायच्या आणि छातीवर क्रूस काढायच्या. माझी बायको तर टेलिव्हिजनवर चादर टाकून बसली.

चौकशी झाली. बंदराची वही काढली गेली, फीत ऐकली गेली. सार्जंट स्वतःच्या तोंडाने चुकीची वेळ सांगतोय, यापेक्षा आणखी पुरावा काय हवा? पत्रक काढून बघायचं कोणाच्या डोक्यात आलं नाही. जुनी पत्रकं तोवर केराच्या टोपल्यांत गेली होती, आणि फायलीतल्या प्रतीच्या कपाटाची किल्ली बाईंच्या कमरेला होती. चौकशीच्या अधिकाऱ्याने बाईंना एकच प्रश्न विचारला. "सार्जंट त्या वेळा स्वतःच्या टिपणावरून वाचत होते का?"

बाई म्हणाल्या, "त्यांचं त्यांना ठाऊक."

एवढंच. घरात आजारी आई, विधवा बहीण, तिची तीन पोरं, आणि या सगळ्यांच्या डोक्यावरचं छप्पर म्हणजे बाईंचं ते टाइपरायटर. मी त्यांना दोष देत नाही. त्यांनी स्वतःला दिला, तो पुरे होता. कागदावर लिहिलं गेलं: सार्जंटच्या स्वतःच्या निष्काळजीपणामुळे मृत्यू. सार्जंटची बायको सामान बांधून मायदेशी निघून गेली.

वरिष्ठांनी बाईंना सांगितलं, शिंपल्यांच्या फेरीची ओळ काढून टाका. निळी चिठ्ठी नव्हती, आणि ज्याची सही हवी तो समुद्रात होता. बाईंनी आयुष्यात पहिल्यांदा चिठ्ठीवाचून एक ओळ उतरवली.

त्या शुक्रवारी मी सहज तिकडे गेलो, तर बाई दार आतून लावून बसलेल्या. मी हाक मारली तेव्हा दार बोटभर उघडलं. टेबलावर चारशे पत्रकांचा ढीग, बाईंच्या हातात कात्री. दहा-दहा प्रती धरून त्या प्रत्येकाची खालची दोन बोटं पट्टी कापून टाकत होत्या.

"हे काय, मिस ऑर्डेलिया? कागद वाचवताय?"

"आत ये नाहीतर चालता हो. दारात उभा राहू नकोस."

मी आत गेलो आणि एक पट्टी उचलली. तिच्यावर ओळ होती: शनिवार, शिंपल्यांची फेरी, ओहोटी नऊ दहा, जमायचं साडेसहाला, सोबत सार्जंट हॅसब्रुक.

मी म्हणालो, "बाई, हाताला सवय असते. बोटं आपोआप मारतात." मी यंत्रावर काम करणारा माणूस आहे. भुताखेतांच्या गोष्टी मी पडद्यावर दाखवतो, घरी नेत नाही.

बाईंनी स्टेन्सिल माझ्या हातात दिलं. मी ते खिडकीशी धरलं. खालची जागा कोरी होती. एका अक्षराचाही छेद नव्हता. मग मीच ते सायक्लोस्टाइल यंत्रावर चढवलं, दांडा फिरवला, प्रत बाहेर आली. खाली तीच ओळ. बाईंच्या टाइपरायटरवर एका अक्षराचा पाय तुटका होता, तो तिथेही तुटका.

बाई म्हणाल्या, "बघितलंस ना? आता दुसरी कात्री घे."

अकरा वर्षं. अकरा वर्षं दर शुक्रवारी दुपारी मी आणि बाई चारशे पत्रकं कापत बसलो. बाईंनी भरती-ओहोटी वर बिंगोच्या शेजारी नेली आणि ती पुन्हा कधी मिनिटानेही चुकली नाही. तळाच्या लोकांना वाटायचं, काटकसर चालू आहे, म्हणून पत्रक आखूड येतं. एका मेजरने तर बाईंना शाबासकी दिली. कापलेल्या पट्ट्या मी चित्रपटगृहाच्या मागे नेऊन जाळायचो. त्या पेटायला फार वेळ घ्यायच्या. कोरड्या खोलीत कोरड्या यंत्रातून आलेला कागद, आणि हाताला दमट लागायचा.

ओळ कायम तीच, वेळ कायम तीच. एक आठवड्याआड ती खरीसुद्धा असायची, त्या शनिवारी नऊच्या सुमाराला खरोखरच ओहोटी असायची. मधल्या शनिवारी तीच ओळ माणूस मारणारी. याचीच मला जास्त भीती वाटायची. निखालस खोटं असतं तर कोणी फसलं नसतं.

एकदा मी विचारलं, "त्याला हवंय तरी काय?"

बाईंची कात्री थांबली. त्या दिवशी त्यांनी मला सगळं सांगितलं, लाल पेन्सिलीपासून 'त्यांचं त्यांना ठाऊक'पर्यंत. मग म्हणाल्या, "त्याला काय हवंय ते मला पहिल्या शुक्रवारपासून माहीत आहे, ब्लॅकेट. माझ्यात तेवढी हिंमत नाही. काप."

ब्याऐंशी साली करमणूक विभागावर मिसेस पेल आल्या. हसतमुख, उत्साही, आणि स्वतः सगळं करून बघायची खोड. त्या ऑक्टोबरात बाईंना डेंग्यूचा ताप चढला. मला वाटलं बाई गुरुवारपर्यंत येतील, त्यांना वाटलं मी शुक्रवारी जाऊन पत्रकं कापीन. पण शुक्रवारी माझ्या प्रोजेक्टरचा दिवा फुटला आणि मी दिवसभर शिडीवर. इकडे मिसेस पेलनी बाईंच्या टेबलावरचं तयार स्टेन्सिल घेतलं, पत्रकं काढली आणि अख्खी वाटून टाकली.

शनिवारी सकाळी सहाला मी जुनी रिळं विमानात चढवायला म्हणून चित्रपटगृहावर आलो. दाराला पत्रक लावलेलं. मी पुढे गेलो, थांबलो, परत आलो. पत्रक लांब होतं.

तेवढ्यात पहिल्या बसमधून बाई उतरल्या. अंगावर शाल, डोळे तापाने लाल, डोक्यावर मात्र चर्चची टोपी. घरात त्यांना पडवेना म्हणून उठून आल्या होत्या. त्यांनी माझं तोंड बघितलं, मग दारावरचं पत्रक बघितलं.

"आज भरती किती वाजता?" मी विचारलं. विचारायची गरज नव्हती.

"नऊ वीसला. गाडी काढ."

किनाऱ्यावर पाऊस बारीक पडत होता. पाणी करडं, आभाळ करडं, मधे ला व्हिउदाचा काळा ठिपका. वाळूत एक जीप उभी, आणि पाण्यात गुडघाभर शिरलेल्या मिसेस पेल हात हलवून ओरडत होत्या, "या, या! आम्हाला वाटलं आज कोणीच येत नाही! डॅडी पुढे गेलेत!"

त्यांच्यापुढे पन्नास-साठ पावलांवर त्यांचे वडील. सुट्टीला आलेला सत्तरीचा माणूस, डोक्यावर बादली उलटी घातलेली, कमरेइतक्या पाण्यात. त्यांच्या दोन्ही बाजूंना काठ्यांची रांग होती, लाल चिंध्यांची. अकरा वर्षांत तिथे कोणी एकही काठी रोवली नव्हती. काठ्या बेटाच्या दिशेने जात होत्या, आणि पुढची प्रत्येक काठी मागचीपेक्षा जास्त बुडालेली होती. रांगेच्या टोकाला एक माणूस उभा होता. पाणी किती खोल आहे त्याचा त्याच्या उभं राहण्याशी काही संबंध नव्हता. तो म्हाताऱ्याला हाताने खुणावत होता, या, पुढे या.

मी ओरडलो, "मागे फिरा! पाणी चढतंय!"

मिसेस पेल हसल्या. "नाही, उतरतंय! पत्रकात आहे. आणि सोबती आहेत ना पुढे!"

म्हातारा कानाने अधू असावा. तो आणखी दोन पावलं गेला. पाणी छातीला लागलं. बादली डोक्यावर डुलत होती.

बाईंनी शाल वाळूत टाकली आणि सरळ पाण्यात शिरल्या. पोहता येत नसलेली, तापलेली, अठ्ठावन्न वर्षांची बाई. मी दंड धरला तो त्यांनी झटकला. त्यांनी म्हाताऱ्याला हाक मारली नाहीच. त्याच्या डोक्यावरून पलीकडे बघून त्या ओरडल्या, आणि चर्चमध्ये शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा तो आवाज मी तिथे ऐकला.

"सार्जंट हॅसब्रुक! या माणसाने तुमचं काय केलंय? केलं ते मी केलं! वेळ मी चुकवली, आणि विचारलं तेव्हा गप्प मी बसले! ऐकताय ना? मी लिहिते! तोंडाने नाही, कागदावर लिहिते, सहीनिशी! याला सोडा!"

खुणावणारा हात वरच थांबला. पावसाचा आवाज तेवढा राहिला. मग तो हात सावकाश फिरला आणि त्याने किनाऱ्याकडे बोट दाखवलं.

म्हातारा वळला. कोणीतरी खांदा धरून वळवावं तसा वळला आणि बिनबोभाट परत यायला लागला. मी छातीइतक्या पाण्यात जाऊन त्याला धरलं आणि दोघे बाहेर आलो. मागे बघितलं तेव्हा एकही काठी दिसत नव्हती. पाण्याने त्या बुडवल्या की आणखी काही, ते मला विचारू नका.

मिसेस पेल वडिलांना टॉवेल गुंडाळत होत्या. म्हातारा मात्र खुशीत होता. म्हणाला, "भला माणूस आहे तुमचा तो वाटाड्या. मला म्हणाला, परत जा, बाई बोलावतायत. आणि गंमत बघा, मला हल्ली कोणाचं धड ऐकू येत नाही, त्याचं मात्र सगळं ऐकू आलं. काय आवाज आहे! टेलिव्हिजनवर असायला हवा होता."

बाई वाळूत बसल्या होत्या. त्यांचे दात वाजत होते आणि त्या रडत होत्या.

मंगळवारी ताप अंगात असतानाच त्या कामावर आल्या. मी यादी घेऊन गेलो तेव्हा चिठ्ठ्यांची पेटी उघडत होत्या. लाकडी पेटी, कुलूप बाईंचं, किल्ली एकच. आत पाच-सहा पांढऱ्या चिठ्ठ्या होत्या आणि त्यांच्या खाली एक निळी. ती पेटीच्या तळाला चिकटली होती, सोडवताना कडा फाटली. कागद ओलसर, आणि सुकलेल्या कडांवर मिठाची पांढरी पूड. काय उतरवायचं: शनिवार, शिंपल्यांची फेरी. सही: एल. हॅसब्रुक. खालचा कारणाचा रकाना कोरा.

बाईंच्या तोंडातून एक विचित्र आवाज आला. हसू होतं ते. "अजून लिहीत नाही बघ हा माणूस," त्या म्हणाल्या. "मेला तरी कारण लिहीत नाही."

नियमाप्रमाणे ती चिठ्ठी परत पाठवायला हवी होती. बाईंनी ती टिपकागदावर पसरली, हात फिरवून सरळ केली. कपाट उघडून एकाहत्तरचं ते पत्रक काढलं आणि शेजारी ठेवलं. मग शाईचं पेन घेतलं. मी म्हणालो, "मिस ऑर्डेलिया, निवृत्तीला तीनच वर्षं राहिलीत. थोडं थांबा."

"थांबलेच होते," बाई म्हणाल्या.

त्यांनी कारणाच्या रकान्यात लिहिलं: टंकलेखिकेची चूक. सार्जंटने माझ्या कागदावर होतं तेच वाचलं. खाली सही केली, पूर्ण नावानिशी, आणि तारीख घातली.

मिसेस पेलनी ते दोनदा वाचलं. दार लावून त्या हळू आवाजात म्हणाल्या, "मिस ग्रीनिज, माझे वडील तुमच्यामुळे जिवंत आहेत. हे मी बघितलंच नाही असं समजू या का?"

"बघा," बाई म्हणाल्या. "आणि वरच्यांना मोठ्याने वाचून दाखवा. त्याचं आजवर सगळ्यांनी ऐकलंय, आता माझं ऐकू द्या."

महिन्याभरात त्यांचा प्रवेशाचा पास काढून घेतला गेला. पण त्याआधी जे शुक्रवार मिळाले त्यातल्या पहिल्याच शुक्रवारी आम्ही दोघांनी यंत्राशी उभं राहून पहिली प्रत बाहेर येताना बघितली. तळाची जागा कोरी होती. दुसरी कोरी, दहावी कोरी. बाईंचा हात सवयीने कात्रीकडे गेला, थोडा वेळ तिच्यावर तसाच राहिला, मग त्यांनी कात्री खणात टाकली.

त्यानंतर मी दर रविवारी चर्चनंतर त्यांच्याकडे जायचो. त्यांची आई केव्हाच गेली होती, भाचरं पांगली होती. बायका अजून विचारायच्या, "सिस्टर ग्रीनिज, गुरुवारी काय होतं?" आणि बाई म्हणायच्या, "मला काय विचारतेस, मीसुद्धा आता तुझ्यासारखी गुरुवारीच बघते."

फेब्रुवारीत त्यांना परदेशी तिकिटाचं पत्र आलं. डोळ्यांनी साथ सोडली होती म्हणून त्यांनी ते माझ्यापुढे टाकलं. पत्र मिसेस हॅसब्रुकचं होतं. चार ओळींचं. तळाकडून कागद मिळाले म्हणून लिहिलं होतं. 'माझे सासरे जुने सैनिक आहेत. मुलगा निष्काळजीपणाने मेला हे त्यांना सहन झालं नाही. त्यांनी लाइलचा फोटो भिंतीकडे तोंड करून ठेवला होता, अकरा वर्षं. काल त्यांनी तो स्वतःच्या हाताने वळवला.'

बाईंनी पत्र माझ्या हातातून घेतलं, डोळ्यांजवळ नेलं, वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं.

"तारीख घातली नाही बाईने," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. गालांवरून पाणी वाहत होतं, ते पुसायचंही त्यांच्या लक्षात आलं नाही.

"पुन्हा वाच, ब्लॅकेट," त्या म्हणाल्या. "तो फोटोचा भाग पुन्हा वाच."

मी पुन्हा वाचला.